पवनाकाठचा पाहुणा

शनिवारची दुपार कलली की कामशेतहून पवनानगरकडे वळणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. एमएच 12, 14, 04, 43 अशा नंबरांच्या या गाड्यांत बसलेला प्रत्येक जण आपण निसर्गाकडे चाललो आहोत अशा ठाम समजुतीत असतो. मागच्या काचेतून उशा दिसतात, ब्लूटूथ स्पीकर दिसतो, आठवडाभर पुरतील इतकी चिप्सची पाकिटं दिसतात. मुक्काम मात्र एका रात्रीचा असतो. पवना धरणाच्या काठाने ठाकूरसाई, आंबेगाव, ब्राह्मणोली, फांगणे अशी गावं आहेत. एकीकडे तुंग, दुसरीकडे तिकोना, पाठीशी लोहगड-विसापूर आणि मध्ये पाणी. या पाण्याच्या कडेला ओळीने घुमटाकार तंबू लावलेले असतात. त्यातल्या एकात रात्र काढण्यासाठी माणशी हजार-बाराशे आणि शनिवारी त्याहून थोडे जास्त पैसे मोजणारा जो शहरी माणूस गेल्या काही वर्षांत उदयाला आला, त्याला सोयीसाठी आपण तंबूकर म्हणू. तंबूकर स्वतःला निसर्गप्रेमी समजतो. त्याचे टीकाकार त्याला निसर्गाचा शत्रू समजतात. माझ्या मते दोन्ही पक्ष त्याचा निसर्गाशी उगाच संबंध जोडतात. तंबूकर हा पाहुणा आहे. पाहुणा म्हणून जायला हक्काचं घर उरलं नाही, म्हणून तो तळ्याकाठी आलेला आहे.

पुरावा त्याच्या वागण्यातच सापडतो. तंबूकर तंबू उभारत नाही. तो येतो तेव्हा तंबू उभा असतो, आत गादी अंथरलेली असते, उशी-पांघरूण घडी करून ठेवलेलं असतं. फायबरच्या दोन कांड्या एकमेकींना छेद देऊन वाकवल्या की हा घुमट उभा राहतो. काम पाच मिनिटांचं आहे आणि तंबूकराच्या घरच्या माळ्यावर त्याने एकदा उत्साहाच्या भरात ऑनलाइन मागवलेला असाच एक तंबू पिशवीसकट पडलेलाही असतो. तो कधी उघडला जात नाही. कारण पाहुण्याने स्वतःचं अंथरूण स्वतः घालायचं नसतं. आल्या आल्या तो यजमानाला तीन प्रश्न विचारतो: दादा, चार्जिंग कुठे, वॉशरूम कुठे, आणि जेवण किती वाजता? तळ्याविषयी प्रश्न नसतो. मग तो तळ्याकडे जातो खरा, पण फोटोत तळं मागे यावं लागतं म्हणून तळ्याकडे पाठ करून उभा राहतो. समोरच्या सुळक्याकडे बोट दाखवून 'तो तिकोना ना?' असं विचारतो. तो तुंग असतो. यजमान आधी 'हो' म्हणतो आणि मग हळूच 'तिकोना या अंगाला' असं सांगतो. पाहुण्याला एकदम चूक म्हणायची पद्धत मावळात नाही.

या व्यवहारातला सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे पॅकेज. चार वाजता आगमन. पाच वाजता चहा आणि कांदाभजी. आठ वाजता बार्बेक्यू. सामिष मंडळींना चिकन, निरामिषांना पनीर, सिमला मिरची आणि अननसाचा एक अनाकलनीय तुकडा. साडेनऊला जेवण: रस्सा, डाळ, भाजी, चपाती, इंद्रायणीचा भात, गुलाबजाम. शेकोटी. सकाळी साडेआठला पोहे, चहा. अकराला निरोप. या यादीत सूर्यास्त नाही, पक्षी नाहीत, चांदणं नाही. ती सगळी बाजूच्या फोटोत आहेत. लेखी हमी आहे ती फक्त खाण्याची. निसर्ग पाहायला निघालेल्या माणसाने असा करार वाचून हरकत घ्यायला हवी होती. तंबूकर घेतो ती हरकत वेगळी असते: बार्बेक्यूचे तुकडे माणशी किती? आता हे वेळापत्रक जुन्या लग्नघराशेजारी ठेवून बघा. तिथेही चहा यजमानाच्या सोयीने यायचा, पंगत बसेपर्यंत पोटात कावळे ओरडायचे, न्हाणीघरासमोर टॉवेल खांद्यावर टाकून रांग लागायची, आणि रात्री अनोळखी माणसाच्या घोरण्यापासून हातभर अंतरावर झोपायचं असायचं. पवनाकाठी या चारही गोष्टी मिळतात. लग्न तेवढं नसतं, आणि आहेराऐवजी यूपीआय असतं.

हे लग्नघर गेलं कुठे, याचं उत्तर तंबूकराच्या पत्त्यात आहे. तो वाकडला, बाणेरला, कल्याणला किंवा खारघरला राहतो. घर दोन बेडरूमचं. त्यात एक बेडरूम मुलाची, म्हणजे मुलाच्या दहावीची. कुणी नातेवाईक येणार असेल तर पंधरा दिवस आधी फोन येतो, आणि येणाराही 'मी हॉटेल बघतो हं' असं म्हणतो आणि यजमान 'अरे, असं कसं' म्हणेपर्यंत एक सेकंद जास्त लावतो. लग्नं हॉलमध्ये गेली. हॉल दुपारी तीनला रिकामा करून द्यायचा असतो, त्यामुळे मुक्कामाची पंगतच मोडली. मामा गाव सोडून शहरात आला आणि मामाच्या घरालाही आता व्हिडिओ डोअर फोन आहे. ज्या पिढीने माजघरात ओळीने घातलेल्या गोधड्यांवर, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर अशा अवस्थेत सुट्ट्या काढल्या, तीच पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे आणि तंबूत सर्वांत जास्त उत्साहाने वाकून शिरते ती तीच. तिची मुलं आत शिरण्याआधी नेटवर्क तपासतात. या मुलांना गोधड्यांची रांग ठाऊक नाही. पण तंबूत सगळ्या चुलतभावंडांना एकत्र टाकलं की रात्री एक वाजेपर्यंत आतून जे खिदळणं ऐकू येतं, ते शिकवावं लागत नाही.

गैरसोयीबद्दलचा तंबूकराचा उदारपणा माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार देतो. हाच माणूस महाबळेश्वरच्या हॉटेलात गीझरचं पाणी कोमट आलं तर मॅनेजरला खाली बोलावतो, आणि मॅनेजर खालीच असेल तर वर बोलावतो. पवनाकाठी तो सामायिक स्वच्छतागृहासमोर पाऊण तास उभा राहतो, बादलीतलं गरम पाणी आधीच्या माणसाने संपवलं म्हणून गार पाण्याने हात-तोंड धुतो आणि वर 'एवढं चालतंय' म्हणतो. भाजीत मीठ जास्त पडलं तर बायकोला कोपर मारून गप्प बसतो. नंतर तो जो अभिप्राय लिहितो, त्यात तळ्याच्या वाट्याला एखादं विशेषण येतं. बाकी मजकूर 'दादांनी घरच्यासारखं वागवलं', 'मावशींच्या हातची चव', 'रात्री अकराला पुन्हा चहा करून दिला' असा असतो. ग्राहक तक्रार करतो, पाहुणा सांभाळून घेतो. तंबूकर सांभाळून घेतो, याचा अर्थ आपण कोण म्हणून आलो आहोत हे त्याला आतून माहीत आहे.

रात्र झाली की निसर्ग खरोखरच अंगावर येतो, आणि तेव्हा तंबूकराची त्याच्याशी असलेली ओळख किती आहे ते कळतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळला की डोंगरउतारावरची हवा झपाट्याने थंड होते आणि जड होऊन खाली तळ्याकडे सरकते. पाणी उशिरा निवतं. म्हणून पहाटे त्या कोमट पाण्यावर गार हवा आली की वाफ थंड होऊन धुकं धरतं, ज्याचे फोटो पाहून तो आलेला असतो. हे धुकं पाहायला सहाला उठावं लागतं. तंबूकर पोह्यांच्या वासाने उठतो. त्याआधी, मध्यरात्रीनंतर केव्हातरी, त्याच्या कपाळावर थेंब पडतो. 'टेंट गळतो,' असं तो सकाळी तक्रारीच्या नव्हे, माहितीच्या सुरात सांगतो. तंबू गळत नसतो. थंडीला आणि डासांना भिऊन त्याने खिडकीची जाळी आणि चेनी घट्ट लावून घेतलेल्या असतात. तीन माणसांच्या श्वासातली वाफ गार पॉलिस्टरवर जमते आणि पुन्हा त्यांच्याच अंगावर पडते. यजमानाने झोपताना 'वरची फट उघडी ठेवा' असं सांगितलेलं असतं. कापडाच्या भिंतीला आवाज अडवता येत नाही ही गोष्टही त्याला याच वेळी कळते: शेजारच्या तंबूतल्या जोडप्याचा गृहकर्जाचा हप्ता किती, पलीकडच्या कंपनीच्या टीममधल्या कुणाला बढती नाकारली गेली, हे सगळं तो ऐकतो. सकाळी पोह्यांच्या रांगेत त्या अनोळखी माणसांशी तो इतक्या आपुलकीने बोलतो की त्यांना त्याचं कारण कळत नाही.

पाहुणा म्हटला की यजमान आला, आणि इथे प्रकरण थोडं गहिरं होतं. मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिलेलं इंद्रायणी हे वाण इथल्या खाचरांत रुजलं आणि त्याचा चिकट, सुवासिक भात पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचला. भाताचं खाचर मुळात सपाट करून, बांध घालून तयार केलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी झाली की तो तुकडा तंबूसाठी आयताच मिळतो. धसकटं काढायची, पेंढा पसरायचा, वर ताडपत्री. हंगामही सोयीचा: भात निघतो तेव्हा पर्यटक निघतो. पण हे खाचर पाण्याच्या कडेला आलं कसं, तर पाणी त्याच्याकडे आलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण पुरं झालं आणि खोऱ्यातली चांगली, सखल शेतं पाण्याखाली गेली. बाराशेच्या वर खातेदार बाधित झाले. त्यातल्या मोठ्या संख्येच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक सरकारी फायलींत फिरत राहिला. पाणी गेलं पिंपरी-चिंचवडकडे. रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललं जाणारं पवनेचंच पाणी तिथल्या नळांना येतं. म्हणजे निगडीचा किंवा चिंचवडचा तंबूकर गाडी चालवत येऊन जे बघतो ते त्याचंच पिण्याचं पाणी असतं, आणि ते बघता बघता तो यजमानाकडे सीलबंद बाटली मागतो.

याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळच्या शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्गावर बऊर इथे आंदोलन केलं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मेले. शेकोटीभोवती हा विषय निघत नाही. गिटारवाला हिंदी गाणी म्हणत असतो, कुणीतरी भुताची गोष्ट सांगायला घेतं, आणि यजमान लाकूड सारत उभा असतो. पाहुण्यासमोर घरातली दुखणी काढायची नाहीत, हा यजमानपणाचा पहिला नियम तो पाळतो. खरं तर आपल्या जमिनीच्या काठावर तो स्वतःच पाहुणा झालेला आहे. धरणाची पातळी हिवाळ्यापासून उतरत जाते आणि बुडालेली जमीन थोडी थोडी उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती सरकारच्या मालकीची, पण पूर्वी कुणाची होती ते गावात सगळ्यांना माहीत असतं. तंबूंची ओळ पाण्यामागे खाली सरकते ती कधी कधी याच जमिनीवर. जाहिरातीत 'लेक टच' लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. डिसेंबरात तळं पायाशी असतं, मेमध्ये टच व्हायला बराच उतार चालून जावं लागतं. जलसंपदा विभागाने अतिक्रमणाबद्दल नोटिसा काढल्या की गावात चर्चा होते, आजोबांची जमीन घेतली तेव्हा नोटिशीवर सही कुणी केली होती हे पुन्हा निघतं, आणि शनिवार आला की पुन्हा चहा ठेवला जातो.

यावर खऱ्या भटक्यांची हरकत अशी की आम्हाला यात ओढू नका. आम्ही पाठीवर तंबू घेऊन जातो, तो स्वतः लावतो, स्वतः गुंडाळतो, आम्ही काही कुणाचे पाहुणे नाही. हरकत रास्त आहे आणि अशी माणसं आहेत. त्यांचा आदर वाटतो, आणि त्यांच्या बुटांच्या वासामुळे तो थोड्या अंतरावरून व्यक्त करावा असंही वाटतं. पण हरिश्चंद्रगडावर काय चालतं ते पाहा. मुक्कामाला वर गेलेल्या ट्रेकरचं पाठीवरचं ओझं कितीही शास्त्रशुद्ध असो, रात्री तो पिठलं-भाकरी खातो ती पायथ्याच्या गावातून वर येऊन बसलेल्या माणसाच्या चुलीवरची. खाताना तो म्हणतो की अशी भाकरी शहरात मिळत नाही. शहरात पीठ मिळतं, तवा मिळतो, गॅस मिळतो. 'अजून एक घ्या की' म्हणणारा माणूस मिळत नाही. तेव्हा ट्रेकर तंबूकरापेक्षा अधिक चालतो हे मान्य, पण दिवसाच्या शेवटी दोघंही एकाच पानावर बसतात. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणाऱ्यांना तर मी या वादात घेणारच नाही. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना प्रकाशाने खुणावतात, हे सांगूनही जे गाडीचे दिवे लावून झाडाखाली उभे राहतात, त्यांनी पाहुण्याचा आणि निसर्गप्रेमीचा असे दोन्ही अर्ज बाद करून घेतले आहेत.

दुसरी हरकत अधिक पेचाची आहे. पाहुणचारच हवा होता तर सरळ शेतकऱ्याच्या घरात का राहत नाही? कृषी पर्यटनाची केंद्रं राज्यात बरीच आहेत, 2020 साली शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणलं. तिथे हुरडा आहे, बैलगाडी आहे, ओसरी आहे, पक्की खोली आहे. तंबूच का? माझ्या मते याचं उत्तर असं, की घरातल्या पाहुण्याला कर्तव्यं असतात. सकाळी लवकर उठावं लागतं. काकांच्या शुगरची चौकशी करावी लागते, काकूंच्या सुनेविषयीची एकच बाजू ऐकून मान डोलवावी लागते, आणि कृषी पर्यटनात तर वर गायीचं कौतुक करून गांडूळखताविषयी माहिती घ्यावी लागते. चाळीस वर्षांपूर्वी आपण हे सगळं करत होतो आणि तेव्हाच आपण त्याला कंटाळलो होतो; मामाच्या गावच्या आठवणी सांगणारा कुणीही हे कबूल करत नाही, पण गावाकडची घरं मागे पडली त्यात पहाटेच्या उठवणीचा वाटा अगदीच नव्हता असं नाही. तंबूला चेन आहे. ती ओढली की माणूस बाहेर येऊन पाहुणा होतो, पुन्हा ओढली की नातं बंद. घराबाहेर, मांडवात, पंगतीपुरतं एकत्र आणि झोपायला वेगळं: लग्नघरातल्या पाहुण्यालाही मनातून हेच हवं होतं. फक्त तेव्हा तसं म्हणायची सोय नव्हती.

तिसरी हरकत हसण्यावारी नेण्याची नाही. तंबूकर दारू पितो, स्पीकर लावतो, बाटल्या फोडतो, प्लेटा टाकतो, रात्री पाण्यात उतरतो आणि बुडतो. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. याला कसला पाहुणा म्हणायचं? मी म्हणेन, आगाऊ पाहुणा. पाहुणा म्हटला की तो सज्जन असतो असं आपल्याकडे कुणी कधी मानलेलं नाही. मांडवामागे बाटली उघडणारी मंडळी प्रत्येक लग्नात होती, आणि मानपानावरून वरात अडवणारे जावईही. कॅम्पवाले म्हणूनच नुसत्या पोरांच्या टोळक्याला बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, 'फॅमिली आणि कपल' अशी पाटी लावतात. गावातल्या शहाण्या वधुपित्यानेही हेच केलं असतं, जमलं असतं तर. पण बुडण्याचं कारण वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. धरणाचं पाणी वरून तळ्याइतकंच शांत दिसतं, पण त्याच्या तळाशी जुने बांध आहेत, खड्डे आहेत, पाय रुतणारा गाळ आहे. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्यावर पाणी येईल अशा जागी पडू शकतं. जो इथे वाढला तो अंधारात पाण्यात जात नाही. जो पिऊन जातो त्याला अडवायला यजमान धावतो, कधी वेळेत पोहोचतो, कधी नाही. कचऱ्याचंही तसंच. मुंबईच्या माणसाने टाकलेली प्लेट रविवारी दुपारी शेतकऱ्याची सून उचलते, आणि जी उचलायची राहते ती पावसात तळ्यात जाते, म्हणजे फिरून पिंपरी-चिंचवडच्या दिशेने. माझा सिद्धान्त तंबूकराला निर्दोष ठरवत नाही. त्याच्याकडून काय मागायचं ते तेवढं बदलतं. निसर्गप्रेमीला पर्यावरणाचे धडे देतात. ते ऐकून तो मान डोलवतो आणि बाटली झुडपात टाकतो. पाहुण्याला 'आमच्याकडे असं चालत नाही' एवढं म्हटलेलं पुरतं. जे यजमान हे मोठ्याने म्हणतात त्यांचे काठ स्वच्छ असतात.

अडचण अशी की हे म्हणणारे यजमान कमी होत आहेत. काठावरच्या बऱ्याच जागा आता बाहेरच्यांनी भाड्याने घेतलेल्या आहेत. जमीनमालकाचा मुलगा स्वतःच्याच खाचरात तंबू लावायला पगारावर असतो आणि पाहुण्यांना 'सर' म्हणतो. तंबूंची जागा लाकडी फळ्यांवरच्या काचेच्या घुमटांनी घेतली आहे, आत एसी आहे, बाहेर न्हाण्याचा टब आहे, पडदा सरकवून पाणी दिसतं. तिथे उतरणारा माणूस भाजीत मीठ जास्त झालं तर कोपर मारत नाही, मॅनेजरला बोलावतो. त्याच्याबद्दल माझा सिद्धान्त लागू पडत नाही, आणि पडावा असा माझा आग्रहही नाही. तो महाबळेश्वरचाच माणूस आहे, रस्ता चुकून डावीकडे वळलेला. आपला तंबूकर अजून पलीकडच्या बांधावर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, कागदी कपातला चहा घेऊन बसलेला आहे.

रविवारी अकराला तो निघतो, म्हणजे निघायला लागतो. पाहुण्याला दारातून बाहेर पडायला जितका वेळ लागतो तितकाच त्याला लागतो. आधी चार्जर सापडत नाही. मग यूपीआय जात नाही, कारण नेटवर्क बांधावर असतं आणि क्यूआर कोड स्वयंपाकघराच्या भिंतीवर. मुलं कुत्र्याच्या पिल्लाला न्यायचा हट्ट धरतात. मग फोटो, यजमानासह, मावशींसह. मावशी पदर सावरून उभ्या राहतात आणि 'पुन्हा या' म्हणतात. गाडीत बसल्यावर तंबूकराची बायको काच खाली करते आणि विचारते, 'दादा, रात्रीचा भात फार छान होता. तांदूळ मिळेल का थोडा?' रिकाम्या हाताने पाहुण्याला पाठवायचं नाही, म्हणून दादा आत जातात आणि पाच किलोची इंद्रायणीची पिशवी आणून मागच्या सीटवर उशांशेजारी ठेवतात. पैसे पुन्हा यूपीआयने, पुन्हा बांधावरून. दादांच्या खाचरात आता बारमाही लॉन आहे, झोपाळा आहे आणि फोटोसाठी लाकडी हृदय उभं केलेलं आहे. पाहुण्यांसाठी लागणारा तांदूळ ते दर शुक्रवारी कामशेतच्या दुकानातून आणतात.